मुख्याध्यापकांचा पेपर

आमची शाळा निघाली ती आमच्या ह्यांच्यामुळे. लहानपणी मोठ्या शाळेच्या प्रवेश परीक्षेत हे सपशेल आपटले आणि सासरेबुवा इरेला पेटले. पुढच्या खोलीतला पलंग हलवला, फळा टांगला, दारावर पाटी ठोकली: 'मुलांची खासगी पूर्वतयारी शाळा'. विद्यार्थी एकच, तोही रडका! मग गल्लीतली पोरं गोळा केली. पोराला सोडायला आलेल्या शिंप्याने विचारलं, "मास्तर, तुम्हाला तरी सुटतो का हो हा प्रवेशाचा पेपर?" सासरेबुवा तडक बाकावर बसले आणि सोडवून दाखवला.

तेव्हापासून रीतच पडली. दर वर्षी मुख्याध्यापकाने मुलांबरोबर परीक्षेला बसायचं आणि त्याचा पेपर मुलांनी तपासायचा. नापास झाला तर खुर्ची सोडायची. सासरेबुवा कधीच नापास झाले नाहीत, पोरं लाल पेन घेऊन टपलेली असायची तरी.

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. म्हणाले, "आता खुर्ची बाळाची."

बाळ म्हणजे आमचे हे, शाळेचे खेळाचे सर. टक्कल पडलेलं बाळ! माझा नुसता तिळपापड झाला. इतकी वर्षं गणित मी शिकवतेय, वेळापत्रक मी लावतेय, आणि खुर्ची बाळाला?

"बाबा, मीपण बसणार पेपरला. ती खुर्ची मला हवीय."

"अगं, मुलांच्या शाळेला बाई मुख्याध्यापक?"

"का? बाईचं गणित चालतं ना?"

"बसू दे की तिला!" हे म्हणाले, तेही केवढ्या उत्साहानं.

झालं, बसलो दोघं एका बाकावर, गुडघे हनुवटीला लावून. हे माझ्या पेपरात डोकावले, मी कोपर आडवं घातलं. "सर, मान खाली!" पहाऱ्यावरची पोरं ओरडली. आम्हाला हसू आवरेना.

निकाल वर्गाच्या मॉनिटरने वाचला. "बाई, पैकीच्या पैकी, अक्षर गिचमीड. सर, नापास."

मला खुर्ची हवी होती, पण ह्यांची अशी चारचौघांत शोभा नको होती हो! आणि हे? टुणकन उठले, "सुटलो!" म्हणून ओरडले आणि थेट मैदानावर धावले. पोरं बॉल घेऊन त्यांच्या मागे.

"मुद्दाम नापास झाला का गं?" सासरेबुवांनी हळूच विचारलं.

"छे! गणित खरंच येत नाही त्यांना."

"मग एवढा आनंद कसला?"

"त्यांना ती खुर्ची नकोच होती, बाबा. तुम्ही विचारलंत कधी?"

ते खिडकीतून बघत राहिले. ह्यांचा शर्ट बाहेर आला होता, अंगाला पोरं लोंबकळत होती.

"मला वाटायचं, मी याचं आयुष्य सावरतोय," ते म्हणाले. चष्मा पुसला, माझा हात धरला. "चला मुख्याध्यापकबाई, जरा मैदानापर्यंत न्या मला."

कडेला पोचताच त्यांनी चिरक्या आवाजात हाक मारली, "बाळ्या, बॉल इकडे दे!"

हे जागच्या जागी थबकले. वडिलांकडे बघतच राहिले. मग अगदी हळू, जपून, ह्यांनी बॉल त्यांच्या पायाशी सोडला.