सत्त्याण्णवांतून उरलेली एक

सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या सभागृहात जाहीर झाले, की चारशे बारा मुलांत सिगारेट ओढणारे आता एकच उरले आहे. तीन आठवड्यांपूर्वी सत्त्याण्णव होते.

पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मागच्या रांगेतल्या एका आजींनी डोळे पुसले. व्यासपीठावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत कंपनगुरू उभे होते. हातात दोन शिंगांचा चकचकीत पोलादी काटा.

"प्रत्येक वाईट सवयीची एक लहर असते," ते म्हणाले. "माझी लहर तिला आडवी जाते. मग सवयीला पळता भुई थोडी!"

त्यांनी काटा रबरी ठोकळ्यावर आपटला आणि पहिल्या रांगेतल्या मुलाच्या कपाळाला टेकवला. मुलगा शहारला. त्याच्यामागोमाग सभागृह शहारले.

"आणि तो उरलेला एक?" कुणीतरी विचारले.

"कानच बंद असतील, तर नाद काय करणार?"

विज्ञानाच्या बाई दाराशी उभ्या होत्या. तसले चार नादकाटे त्यांच्या प्रयोगशाळेच्या कपाटात होते. ध्वनीचा धडा शिकवताना त्या दरवर्षी ते वाजवत. त्याने कुणाची सवय सुटल्याची नोंद नव्हती.

उरलेली एक कोण, हे दुपारपर्यंत शाळाभर झाले. मुलांकडून सवयींबद्दल भरून घेतलेल्या फॉर्मवर नाव लिहायचे नव्हते. पण या शाळेत कुठलाही कागद हजेरीच्या क्रमानेच गोळा होतो. वर्गशिक्षकांचा हात दुसऱ्या क्रमाने चालतच नाही. नववीच्या गठ्ठ्यात 'होय' लिहिलेला फॉर्म सव्विसावा होता. हजेरीत सव्विसावी होती बस डेपोतल्या मेकॅनिकची मुलगी. मुख्याध्यापकांनी तिला घरी पाठवले आणि शाळा सोडल्याचा दाखला लिहायला घेतला. बुधवारी चार वाजता शाळा समिती त्यावर शिक्कामोर्तब करणार होती.

"सर, ते फॉर्म मला बघायला द्या," बाई म्हणाल्या. "आणि उद्या मुलांकडून पुन्हा एकदा भरून घेते."

"बाई, सगळं छान झालंय. मिठाचा खडा टाकू नका."

"छान झालं असेल, तर पुन्हा तेच उत्तर येईल."

मुख्याध्यापकांनी फॉर्मचे गठ्ठे पुढे सरकवले.

बुधवारी चार वाजता समितीचे पाच सदस्य, कंपनगुरू, मेकॅनिक आणि मुलगी खोलीत होते. मेकॅनिकच्या नखांत ग्रीस तसेच होते. बाईंनी टेबलावर फाटकावरची, उशिरा येणाऱ्यांच्या नावांची वही ठेवली.

"दुसऱ्या वेळच्या फॉर्ममध्ये सातवा प्रश्न होता: गेल्या महिनाभरात शाळेत उशिरा आलात का? चारशे अकरा मुलांनी लिहिलंय, कधीच नाही. वहीत एकसष्ट मुलांची नावं आहेत."

"फॉर्म भरला त्याच दिवशी पाच जण उशिरा आले होते," दारातून पहारेकरी म्हणाला. "मीच आत सोडले. म्हणजे धापा टाकत गेले आणि 'कधीच नाही' लिहून मोकळे झाले!"

"'एकदा' असं एकीनेच लिहिलं," बाई म्हणाल्या. "वहीत तिचं नाव एकदाच आहे."

सगळ्यांनी मुलीकडे पाहिले. ती जमिनीकडे पाहत होती.

"पहिल्या वेळी मुलं सभागृहात लांब लांब बसली होती. शिक्षक नव्हते, फॉर्म कुलूपबंद पेटीत पडले. तेव्हा सत्त्याण्णव. दुसऱ्या वेळी आपापल्या वर्गात, वर्गशिक्षक बाकांमधून फिरताहेत, आणि 'होय' लिहिणाऱ्याच्या घरी कळवू, असं आधीच सांगितलेलं. तेव्हा एक. काल पुन्हा सभागृह, पुन्हा पेटी. चौऱ्याण्णव. काट्याने सिगारेट सुटली नाही. सांगायचं सुटलं."

"आणखी एक," त्या पुढे म्हणाल्या. "काल फॉर्ममध्ये मी नशेच्या एका गोळीचं नाव मनाने बनवून घातलं होतं. जगात नसलेली ती गोळी अकरा जणांनी घेतली आहे."

कंपनगुरू उसळले. "बघा! मुलं खोटं लिहितात, हे बाई स्वतःच कबूल करताहेत!"

"करतेच. काही फुशारक्या मारतात, बरीच लपवतात. म्हणून चौऱ्याण्णवसुद्धा मी देवाचा शब्द मानत नाही. पण तुमचं 'एक' कुणी सांगितलं? त्याच मुलांनी ना?"

एका सदस्यांना खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

मेकॅनिक मुलीकडे वळला. "सिगारेटचं आपण घरी बघू. पण सगळ्यांनी 'नाही' लिहिलं, मग तुलाच कसली घाई होती, बाळा?"

"वर लिहिलं होतं ना, बाबा. खरं लिहा म्हणून."



"आकडा आवडला म्हणून खरा मानू नका," बाई शेवटी म्हणाल्या. "तो कसा मिळाला, ते विचारा. मुलं काय करतात हे कळायला हवं असेल, तर खरं सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, एवढं आधी बघा. चारशे बारांतल्या एकीने आपलं ऐकलं. तिलाच बाहेर काढलंत, तर पुढच्या वेळी शून्य येईल, काट्याशिवाय."

समितीने निर्णय पुढे ढकलला. कंपनगुरूंचे सोमवारी दुसऱ्या शाळेत शिबिर आहे. तिथल्या पत्रकावर 'सत्त्याण्णववरून एक' असे छापून झाले आहे.

गुरुवारी सकाळी मुलगी वर्गात नव्हती. अकरा वाजता नववीतली सात मुले-मुली मुख्याध्यापकांच्या दाराशी आली. त्यांना दुसऱ्या वेळचे आपले फॉर्म परत हवे होते, दुरुस्त करायला. या वेळी नावासकट, असे त्यांचे म्हणणे होते. पावणेबारापर्यंत दार उघडले नव्हते. तोवर रांगेत एकोणीस जण होते.