आत्याच्या पदरावरचं अंडं

कोंडाबाईंच्या रोपवाटिकेतल्या लिंबाच्या रोपांचा अळ्यांनी फडशा पाडायला घेतला, आणि नेमकी त्याच आठवड्यात त्यांची भाची कल्याणी सुट्टीला घोडेगावला आली. कल्याणी पुण्यात फुलपाखरांवर संशोधन करायची. म्हणजे नक्की काय करायची, ते आत्याला अजून उमगलं नव्हतं.

"इतकी वर्सं फुलपाखरांचं पाय धरून बसलीयास," फवारणीचा पंप खांद्याला अडकवत आत्या म्हणाली, "आता आलीयास तर ह्यांचा बंदोबस्त तरी कर."

"थांब आत्या, लगेच औषध नको मारूस. आधी बघ तर खरं."

एक काळंपिवळं फुलपाखरू रोपांवर भिरभिरत होतं. ते पेरूच्या पानावर टेकलं, पुढचे पाय टपटप आपटले आणि उडालं. मग लिंबाच्या पानावर बसलं, तसेच पाय आपटले, पोटाचं टोक वाकवलं आणि खसखशीएवढं अंडं चिकटवून गेलं.

"मादी होती. पायानं चव घेतली तिनं," कल्याणी म्हणाली.

"पाय काय जीभ हाय व्हय?"

"तिच्यासाठी आहे. पायावर बारीक केस असतात, त्यांत एक प्रकारची प्रथिनं असतात. पानातलं रसायन त्यांना भिडलं की तिला कळतं, हे लिंबू, इथं पिल्लं जगतील. लांबून वास घ्यायचा मिशांनी, आणि खात्री करायची पायांनी."

"प्रथिनं मीबी खाते. डाक्टरनं सांगितलंय. माझ्या पायाला न्हाई कसली चव कळत!"

कागदी पानावरही फुलपाखरू अंडं घालेल, अशी कल्याणीने मग पैजच लावली. हिरव्या कागदाचं पान कापलं, लिंबाचा पाला पाण्यात कुटून ते पाणी त्याला फासलं आणि काडीला लावून रोपांमध्ये खोचलं. दुपारपर्यंत एकही फुलपाखरू तिकडे फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आत्या येताजाता विचारायची, "आलं का गं गिऱ्हाईक?" कल्याणी हसायची, पण आतून खट्टू झाली होती. प्रयोगशाळेतही गेले काही महिने असंच चाललं होतं; कागदी पानांवर एकही अंडं पडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आत्या अळ्यांनी खाल्लेली पानं खुडायला बसली. चिकट हिरवे हात दर थोड्या वेळाने हिरव्या लुगड्याच्या पदराला पुसत होती. तेवढ्यात एक फुलपाखरू आलं, आत्याभोवती दोन घिरट्या घातल्या आणि थेट पदरावर उतरलं. टपटप, टपटप.

"कल्ये," आत्या ओठ न हलवता पुटपुटली, "हालू का नको?"

"अजिबात नको!"

इतक्यात फाटकातून सोपान आला. त्याला आंब्याची कलमं हवी होती. "काय कोंडाबाई, आज अशा पुतळ्यावानी..."

"गप उभं ऱ्हा भाऊ! बाळंतपण चाललंय."

सोपान जागच्या जागी थबकला. फुलपाखराने शेपटाकडचा भाग वाकवला, पदराला अंडं चिकटवलं आणि भुर्रकन उडालं. आत्या पदराकडे बघतच राहिली. मग अशी खदाखदा हसली की शेजारी ठेवलेला पंप धक्का लागून कलंडला. कल्याणीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. पाल्याचा रस आपण पाणी घालून फारच पातळ केला होता, हेही तिच्या ध्यानात आलं. संध्याकाळी तिने पुण्याला प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला फोन केला आणि रस दाट करून प्रयोग पुन्हा मांडायचं ठरवलं.

आत्याने औषध मारलं नाही. अळ्या वेचून रोपांवर जाळी टाकली आणि विहिरीकडचं मोठं लिंबाचं झाड फुलपाखरांना सोडून दिलं. पदरावरचं अंडं कल्याणीने हलकेच उचलून त्याच झाडाच्या पानावर ठेवलं.

"ह्यो पाला कसा लागत असंल गं त्यांना?" आत्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चप्पल काढून चुरगळलेल्या पाल्यावर पाय ठेवला. डोळे मिटून जरा वेळ उभी राहिली.

"काय लागलं?"

"गार लागलं," आत्या म्हणाली, आणि दुसराही पाय ठेवला.