अपरिहार्य कारणामुळे

माझं काम ऐकायला भारी आणि करायला मेथी निवडण्यासारखं. ब्रिटनभरात लोक जे उघडपणे लिहितात, म्हणजे गावोगावच्या पेपरांतल्या बातम्या, फेसबुकची पानं, हॉटेलांचे रिव्ह्यू, देवळा-चर्चच्या सूचना, ते सगळं एक मशीन गोळा करतं, इंग्रजीत फिरवतं आणि मूळ मजकुरासकट माझ्या पडद्यावर ओततं. मी प्रत्येक नोंद पाचांपैकी एका डब्यात टाकायची. आजार, अन्न-पाणी, अफवा, जुनंच, बिनकामाचं. दिवसाला चारशे. कुठं काही रोग पसरायला लागला तर दवाखान्यांच्या खाटा भरायच्या आधी सरकारी डॉक्टरांना कळावं, एवढ्यासाठी.

मी परभणीची, बी.कॉम. लंडनमधल्या हॅरोला नवऱ्याच्या व्हिसावर आले आणि हे काम लायब्ररीच्या फुकट कॉम्प्युटरवर शिकले. माझ्या वरचा परीक्षित पुण्याचा, मोठ्या कॉलेजातला, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. पोरगा वाईट नाही. फक्त चौकटीबाहेर पाय टाकायचा म्हटलं की त्याला धाप लागते.

ऑक्टोबरातल्या मंगळवारी नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळाची नोटीस आली. ‘काही अपरिहार्य कारणामुळे या रविवारी मराठी शाळा भरणार नाही. कळावे, लोभ असावा.’ मशीनचं मत, बिनकामाचं. मीही तेच बटण दाबलं. बुधवारी तिथल्याच दुसऱ्या एका मराठी संस्थेची नोटीस आली. ज्येष्ठांचं भजन रद्द, अपरिहार्य कारणामुळे. दाबलं बटण. गुरुवारी सकाळी तिथल्याच पन्नाशीपुढच्यांचा मराठी योगवर्ग रद्द. पुन्हा अपरिहार्य कारण.

माझं बोट बटणावरच थांबलं.

आपली माणसं कार्यक्रम रद्द करत नाहीत. गुडघाभर बर्फात आम्ही हळदीकुंकू केलेलं आहे. बॉयलर बिघडला तर नोटिशीत बॉयलर लिहितात, कोणी गेलं तर श्रद्धांजली लिहितात. एकच गोष्ट कधीच लिहीत नाहीत. आजार. लोक काय म्हणतील, हॉल काढून घेतील, आपल्यालाच घाणेरडे म्हणतील. मग ते गुळगुळीत वाक्य येतं, वर लोभ असावा.

मला हे पक्कं माहीत आहे, कारण ते वाक्य मीही टाईप केलं आहे. दोन वर्षांपूर्वी हॅरोत मी आमच्या मंडळाची सेक्रेटरी होते. दिवाळीच्या जेवणानंतर एकोणीस जणांची पोटं बिघडली. कमिटी म्हणाली, बोभाटा नको. मी पुढचा कार्यक्रम रद्द झाल्याची नोटीस लावली, अपरिहार्य कारणामुळे. त्याच आचाऱ्यानं पुढच्या शनिवारी एका लग्नाचं जेवण केलं. त्या लग्नाला आलेल्या एक आजी दवाखान्यातून घरी परत आल्या नाहीत. मला कोणी विचारलं नाही, कोणी पकडलं नाही. ती नोटीस मात्र मला अजून पाठ आहे.

मी दाबून टाकलेल्या दोन्ही नोंदी बिनकामाच्या डब्यातून उकरून काढल्या. तिन्हींच्या तळाशी एकाच हॉलचा पत्ता होता. आणि त्या दुसऱ्या संस्थेच्या पानावर जाहिरात होती, येत्या रविवारी, त्याच हॉलमध्ये, दसऱ्याचा स्नेहमेळावा, दोनशे माणसांचं जेवण. आज गुरुवार.

परीक्षितच्या टेबलावर तिन्ही ठेवल्या. त्यानं वाचल्या, परत वाचल्या.

“वरदाताई, यात आजार कुठं आहे?”

“तेच तर सांगतेय. लिहिलेला नाही.”

“नाही लिहिलेला तर तो डब्यात कसा टाकायचा?”

“तुझ्या आईनं कधी फोनवर ‘सगळं ठीक आहे, तू काळजी करू नको’ असं दोनदा म्हटलंय का?”

“म्हणते की.”

“मग तू काय समजतोस?”

त्यानं तिन्ही नोंदी नीट एकावर एक ठेवल्या. मग म्हणाला, “ताई, वर मी काय सांगू? आमच्या बाईंना वाटतं म्हणून?”

“असंच सांग. नाहीतर रविवारी दोनशे माणसं आत गेली की सोमवारी आकडे घेऊन सांग. आकडे तुला आवडतातच.”

त्याचा चेहरा पडला. पण त्यानं फोन उचलला, हे त्याचं मोठेपण लिहायलाच हवं.

त्या दिवशी ड्यूटीवरची सरकारी डॉक्टर होती तनू. जन्म मँचेस्टरचा, आईवडील ठाण्याचे. माझ्याशी हट्टानं मराठी बोलते आणि तिच्या मराठीत टेबलापासून ट्रामपर्यंत सगळेच पुरुष असतात. व्हिडिओवर तिनं नोटिसा पाहिल्या.

“हा नोटीस कधीचा आहे? ओके. तीन ग्रुप, वन बिल्डिंग. आय डोन्ट लव्ह इट. मी दसरावाला चेअरमनला फोन करतो.”

वीस मिनिटांनी ती परत आली. “श्रीनिवास अंकल खूप पोलाइट होता. एव्हरीथिंग इज फाइन म्हणाला. मला दसराचा इन्व्हिटेशन पण दिला.”

“देणारच,” मी म्हटलं. “तुम्ही इंग्रजीत आणि सरकारातून विचारलंत. मला लाइनवर घ्या.”

परीक्षित म्हणाला, “आपण कोणाला फोन करायचा नसतो ताई. आपण फक्त वाचायचं.”

“मी करत नाहीये. डॉक्टर करतायत. मी फक्त बोलणार.”

तनू हसली. “मी परमिशन देतो. इट्स माय कॉल.”

श्रीनिवासकाकांनी दुसऱ्याच रिंगला उचलला. सकाळपासून फोन हातातच असावा तसा.

“नमस्कार काका. मी वरदा, हॅरोहून बोलतेय. डॉक्टरही लाइनवर आहेत.”

“बोला ताई. मघाशीच मॅडमना सांगितलं, आमच्याकडे सगळं उत्तम.”

“मग भजन का रद्द केलं?”

“अपरिहार्य कारणामुळे.”

“ते वाचलं. कारण काय?”

“आता अपरिहार्य म्हटल्यावर...”

“पेटीवाले आजारी आहेत की टाळवाले?”

पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली. मग आवाज जरा कडक झाला. “तुम्ही त्या गटाच्या तर नाही ना? लीलावतीबाईंच्या?”

तर हे प्रकरण असं. चार वर्षांपूर्वी पाहुण्यांना पुष्पगुच्छ कोणी द्यायचा यावरून मंडळ फुटलं. जुनं लीलावतीबाईंकडे राहिलं, नवं श्रीनिवासकाकांनी काढलं. चारशे मैलांत मराठी माणूस शोधत फिरायचं, आणि दोन सापडले की तीन संस्था काढायच्या. हॉल मात्र एकच, कारण पार्किंग मोठं.

“मी परभणीची आहे काका, मला कोणताच गट नाही. पण त्यांची शाळा बंद आहे, तुम्हाला माहीत आहे ना?”

“कोणाची?”

“लीलावतीबाईंची. परवापासून नोटीस आहे, त्यांच्या पानावर, उघड.”

“आम्ही त्यांचं पान बघत नाही.”

“योगवर्गही बंद आहे. तिघांनी एकच वाक्य लिहिलंय. तिघांचा हॉल एक.”

मग जे दोन वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं ते परीक्षितसमोर, तनूसमोर, एका अनोळखी म्हाताऱ्याला सांगून टाकलं. आचारी, लग्न, आजी, सगळं. “काका, ते वाक्य लिहिताना कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. वाटतं, आपण अब्रू राखली. कसली अब्रू? रविवारी दोनशे लोकांना बोलावलंय तुम्ही.”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

“आमचे चार जण आहेत,” ते म्हणाले. “न्यूमोनिया म्हणतात. एक डर्बीला, एक लेस्टरला, दोन इथं. त्यातली एक माझी बायको. आज पाचवा दिवस, औषध लागू पडत नाहीये.” मग एकदम चिडून, “मला वाटलं आमच्याच लोकांना झालंय हो! त्या लोकांनी हसू केलं असतं आमचं!”

“त्यांनाही तेच वाटलं असणार.”

इथून पुढं तनूनं सूत्रं घेतली, आणि एका क्षणात तिचं सगळं लाडीक मराठी गळून पडलं. नावं, दवाखाने, कोण हॉलमध्ये कधी गेलं होतं. लीलावतीबाईंना तिनं स्वतः फोन केला. त्यांच्या दोन शिक्षिका आणि योगवर्गातले तिघं, एकूण नऊ. तीन शहरांत नऊ न्यूमोनिया, प्रत्येक डॉक्टरासमोर एकच पेशंट, म्हणून कोणालाच काही दिसलं नव्हतं. संध्याकाळी लघवीच्या तपासण्यांचे निकाल आले. लीजनेअर्स, न्यूमोनियाचाच एक प्रकार. माणसाकडून माणसाला लागत नाही. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि तुषारांतून छातीत जातात. हॉलच्या दाराशी शोभेचं कारंजं होतं, उन्हाळाभर बंद ठेवून सप्टेंबरात सुरू केलेलं. सगळे तिथंच उभं राहून फोटो काढायचे.

म्हणजे लपवण्यासारखं काही नव्हतंच. स्वयंपाक स्वच्छ, माणसं स्वच्छ. घाण होती ती हॉलमालकाच्या कारंज्यात, आणि लाज वाटत होती आम्हाला.

शुक्रवारी सकाळी कारंजं बंद झालं, हॉलला कुलूप लागलं, मेळावा पुढं गेला. औषध बदललं. लीलावतीबाईंच्या एक शिक्षिका आयसीयूमध्ये होत्या, त्यांना अकरा दिवस लागले, पण नऊच्या नऊ घरी आले.

सगळे घरी आल्यानंतरच्या आठवड्यात माझ्या पडद्यावर एक नोटीस पडली. ‘आपल्या नेहमीच्या हॉलमधील कारंज्याच्या पाण्यामुळे नऊ जणांना न्यूमोनिया झाला होता. सर्वजण बरे आहेत. सप्टेंबरपासून तिथे येऊन गेलेल्या कोणालाही ताप-खोकला असल्यास डॉक्टरांना हॉलचे नाव सांगावे. दसरा मेळावा दोन्ही संस्था मिळून करणार आहेत.’ खाली सह्या दोन, लीलावती आणि श्रीनिवास. लोभ असावा हे होतंच.

मशीनचं मत, बिनकामाचं.

मी ती ‘आजार’च्या डब्यात टाकली. परीक्षित मागं उभा होता.

“ताई, हे तर होऊन गेलेलं आहे. ‘जुनंच’ मध्ये जायला हवं.”

“नऊ वर्षं झाली मला या देशात,” मी म्हटलं. “आपल्या माणसांनी नोटिशीत खरं कारण लिहिलेलं पहिल्यांदा बघतेय. हे जुनं कसं?”

त्यानं डोकं खाजवलं, खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसला. “बरं,” म्हणाला, “ते कारण न सांगता रद्द झालेल्या कार्यक्रमांचं. सहावा डबा करायचा तर त्याला नाव काय द्यायचं?”