दाराजवळची उटी

आमच्या बाबांना एक खोड आहे. गाडी दिसली की चाकाखाली दगड लावतात. माझी स्कूटी सपाट अंगणात उभी असते, तरी मागच्या चाकाला दगडाची उटी असतेच. आमचं अख्खं तामसी गाव हसते. घाईत मी तो दगड विसरते, स्कूटी हिसका देते, अन् मी तणतणते, "काऊन लावता हो बाबा? ती काय पळून चालली?"

"राहू दे, पोरी. दगड काय खायला मागते?"

मी घरूनच नोकरी करते. फौजेसाठी नवीन ट्रक बनून राह्यला, तो कसा पाहिजे ते लिहून ठेवायचं माझं काम. ट्रक अजून जन्मलाच नाही, नुसती चारशे बारा वाक्यं आहेत. किती पाण्यातून जावा, किती चढावा, थंडीत किती वेळात सुरू व्हावा. दर वाक्यापुढं एक रकाना आहे: मागणी कोणाची? तो रकाना रिकामा राह्यला की वाक्य बाद. मग ते कितीही शहाणं असो.

एकदा मी यादी मोठ्यानं वाचत होती. बाबा सुपारी कातरत होते. वर न बघताच म्हणाले, "उटी चालकाच्या दारापाशी पाहिजे. कुलूप नको. हातमोजे घालूनही निघाली पाहिजे." बाबांनी फौजेत बावीस वर्षं ट्रक चालवला, म्हणून मी ते लगेच लिहिलं. दोनशे चौदावं वाक्य. पण रकान्यात बाबांचं नाव, नागोराव, लिहाया गेली, तर चिडले. "माझं नाव टाकू नको. मी नाही मागितलं." अन् चालले गेले वावरात. मलाही राग आला. न मागता सांगायचं, अन् नाव विचारलं की पाठ फिरवायची!

आज पाच वाजता यादी कायमची बंद होणार होती. साडेतीनला पुण्याच्या हापिसातून भार्गव सरांचा फोन आला. "रंजीता, दोनशे चौदा कुणाचं? उट्या मागच्या पेटीत कुलपात असतात, तशाच राहू दे. नाव नसेल तर मी काढतो."

"पाचपर्यंत थांबा, सर."

समोरच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरला होता. खिडकीतून ऊन त्याच्यावर पडलं होतं, अन् खोलीभर पांढरा उजेड झाला होता. बाबा ढिगाला लागूनच बाजेवर झोपले होते. पंखा फिरत होता. माझेही डोळे मिटू लागले, अन् पापणीच्या आड माझा ट्रक आला. न जन्मलेला. कापसाच्या चढावर तो हळूहळू चढत होता, आवाज म्हणून नाही. चढता चढता थांबला. मग मागं सरकू लागला.

मी दचकून डोळे उघडले. बाबांचा उजवा पाय बाजेच्या पायथ्याच्या लाकडाला दाबून होता. पोटरीची नस तटतटली होती. हे मी लहानपणापासून पाहत आली. आई म्हणायची, "गाडी चालवून राह्यले, उठवू नको." गाडी नव्हती ती. ब्रेक होता. अन् चालकाचा पाय ब्रेकवर असला, तर उटी लावाया दुसरंच कोणी उतरते. इतकी वर्षं माझ्या डोक्यात कसं आलं नाही, माझीच मला लाज वाटली.

मी त्यांच्या पायावर हात ठेवला. "बाबा, खाली कोण उतरलं?"

त्यांनी डोळे उघडले. कापसाकडं बघत राह्यले. त्यांना तो कापूस दिसत नव्हता.

"देवानंद," ते म्हणाले. "आपल्या बाजारहत्नूरचा. माझा जोडीदार. चढावर गाडी घसरू लागली. पेटीचं कुलूप गोठलेलं. तो म्हणे, दाबून धर नागोराव, मी दगड पाहतो. सारा बर्फ, रंजे. दगड कुठून दिसन? तो चाकामागं वाकला होता." माझ्या हाताखाली त्यांचा पाय आणखी दाबला गेला. "मी पाय काढला नव्हता. आईची आण. गाडीच सरकली."

मी त्यांचा पाय पोटाशी धरला अन् रडली. किती वेळ, ठाऊक नाही. फोन वाजला तेव्हा पाचला चार मिनिटं होती.

"रंजीता, नाव?"

"देवानंद," मी म्हटलं. "वापरणारा. बाजारहत्नूर."

"बरं. एकदा बोलणं करून दे त्यांच्याशी. पडताळणी लागते."

सरांचा आवाज बाबांनाही ऐकू गेला. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. उठून बसले, ताठ, जसे फौजेतल्या फोटोत दिसतात.

"त्याला नाही बोलता येत, साहेब," ते म्हणाले. "तो दगड पाहाया गेला होता. त्याला सापडला नाही. म्हणून लिवा."

तिकडून टाइप केल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "लिहिलं, काका."

बाबांनी फोन मला दिला अन् पुन्हा आडवे झाले. मी अंगणात गेली, स्कूटीच्या चाकामागचा दगड पायानं जरा आत सारला, नीट बसला का ते पाहिलं. परत आली तर बाबा झोपले होते. पाय अजूनही दाबलेलाच होता.