पाऱूची नजर

"सकाळी उठल्यावर पाऱू पहिल्यांदा कुणाकडे बघते?" रेजिना टीचरनं विचारलं.

"माझ्याकडे," लतिका चटकन म्हणाली.

ते खोटं होतं. शेजारी कप्पाचे कंद सोलत बसलेल्या थोरल्या नणंदेनं, ओमनानं, मान वर केली नाही.

पाऱू अडीच वर्षांची. नावानं हाक मारली तरी वळायची नाही, बोलायची नाही. कोल्लमच्या अशा मुलांसाठीच्या केंद्रातून टीचर घरी यायची. पोरीची परीक्षा घेण्याऐवजी घरातल्यांचा दिवस कसा जातो ते विचारायची, त्यातूनच काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं म्हणायची.

लतिकाचा दिवस काजूच्या कारखान्यात जायचा. नवरा आखातात. पोर दिवसभर ओमनाकडे. ती विधवा होऊन माहेरी परतलेली, पोटी मूल नाही. महिन्यापूर्वी पाऱूनं पहिल्यांदा 'उचलून घे' म्हणून हात वर केले, ते ओमनापुढे. संध्याकाळी ओमनानं ते हरखून सांगितलं. "आळस देत असेल," एवढंच म्हणून लतिका आत गेली आणि दोन दिवस नणंदेशी बोलली नाही. रविवारी तिनं पाऱूची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. पोर किंचाळत ओमनाकडे धावली. ओमनानं तिला उचललं खरं, पण चोरी पकडली गेल्यासारखी खाली बघत राहिली. लतिकाला तेच जास्त झोंबलं.

टीचर जेवणाबद्दल विचारू लागली, तशी लतिका मध्येच म्हणाली, "मी मघाशी खोटं बोलले. ती ओमनाचेचीकडे बघते, तिच्या आत्याकडे. माझ्याकडे बघतच नाही."

टीचर रागावली नाही. "मग तिथूनच सुरुवात करू. चेची काय करते, ते कधी नीट बघितलंस?"

बघितलं नव्हतं. आजवर ती फक्त ओमनाचं सुखावलेलं तोंड बघत आली होती.

त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती, दुपारी तिनं बघितलं. ओमना हाक मारत नव्हती. पोरीसमोर जमिनीवर बसायची, घास आपल्या डोळ्यांपाशी धरायची आणि थांबायची. इतकी थांबायची की लतिकाचे हात शिवशिवायचे. कारखान्यात हात थांबला की मुकादमीण अंगावर यायची.

ठरलं असं की रात्रीचं जेवण लतिका भरवेल, ओमना नुसती जवळ बसेल. बरेच दिवस पाऱू ओमनाकडेच बघत राहिली. एका संध्याकाळी ओमना आपणहून उठली. "पाणी काढून आणते गं," म्हणाली.

लतिका घास धरून थांबली. हाताला रग लागली. पाऱूची नजर दाराकडे गेली, भिंतीवर फिरली, आणि मग सावकाश आईच्या तोंडावर येऊन टेकली. पोरीनं हात पुढे केला.

खिडकीतून विहीर दिसत होती. ओमना दोर हातात घेऊन पाठमोरी उभी होती. बादली तिनं आत सोडलीच नव्हती.

तिला हाक मारावी, असं लतिकाला वाटलं. पण आधी तिनं दुसरा घास मोडला.