गुरूची चिठ्ठी

या, असे जवळ सरकून बसा. माळकरी कप्तानाची गोष्ट सांगतो.

नृसिंहनं बूट उंबऱ्याबाहेर काढले आणि तो आपल्या गुरूंसमोर, आकारामबुवांसमोर, मांडी घालून बसला. नाद घुमावा म्हणून बुवा पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापत होते. याच मंगळवार पेठेतल्या घरात अकराव्या वर्षी त्यानं त्यांच्या हातून तुळशीची माळ घातली होती. पलटणीतही ती कधी उतरली नाही.

"बुवा, एक चिठ्ठी पायजे."

"कसली? पोरगी बघितलीस व्हय?" बुवांच्या पत्नी चिमणाबाई आतून म्हणाल्या. "पस्तिशी उलटली की रं!"

नृसिंह हसला, मग त्यानं सगळं सांगितलं. सरकार त्याला विलायतेला धाडत होतं, अणुबाँब हाताळायचं शिकायला. देशाकडं बाँब नव्हता. पण उद्या आलाच तर माणसं तयार हवीत. त्यानं नकार दिला होता. साहेब भला. म्हणाला, 'धर्म मना करतो, एवढं गुरूकडून लिहून आण, तुला मोकळा करतो. नाहीतर हुकूम मोडला म्हणून कप्तानकी जाईल, पेन्शनही.' मुदत सोमवारची.

"दोन वळी लिवा, बुवा. माळकऱ्याला हे चालत न्हाय म्हणून."

"माझ्या हातच्या माळा घातलेले किती हायेत तुझ्या पलटणीत?"

"चौदा."

"लढाईत गोळ्या झाडताना कुणी चिठ्ठी मागितली न्हाई. तूबी मागितली न्हाईस."

"हे येगळं हाय."

"कसं?"

नृसिंहनं जमिनीवरून बोट फिरवलं. लढाई संपल्यावर त्याची पलटण जपानात गेली होती, तो बाँब जिथं पडला त्या भागात.

"एक बाई अंगण झाडत हुती. मागं घर न्हवतं, बुवा. गावच न्हवतं. मी मधीच उभा. तिनं हातानं खुणावलं, पाय उचला."

"मग?"

"उचलला की."

बुवांचा कणकेचा हात थांबला.

"मग हे तुला त्या बाईनं सांगितलं. देवाचं नाव मी रोज घेतो, पण बाँबाचं तो मला काय बोललेला न्हाय. त्याच्या नावावर खोटं कसं लिवू? आन् लिवलं, तर उद्या त्या चौदा जणांस्नी इचारतील, तुमचा धर्म तुम्हाला लढू देतो का न्हाय."

"कप्तानकी जाईल, बुवा."

"जाईल की."

नृसिंहनं खिशातून कोरा कागद काढला. बुवांसाठीच आणला होता. पखवाजाच्या खोडावर टेकवून त्यानं लिहिलं: 'मी हे शिकणार नाही. माझा धर्म आड येत नाही. मी जपान पाहिला आहे.' खाली नाव, हुद्दा, तारीख. पुन्हा वाचून पाहिलं नाही.

"आन् खाशील काय?" चिमणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या हातची भाकरी, काकू. बुवांच्या मागं टाळ धरीन."

"ताल कच्चा हाय तुझा," बुवा पुन्हा कणीक थापू लागले. "उद्यापास्नं ये शिकायला."

तेव्हा मंडळी, कधी कीर्तनाला बसलात आणि मागच्या रांगेत एखाद्या उंच टाळकऱ्याचा ठोका चुकला, तर हसू नका. नृसिंहची आठवण काढा.