टोरांटोहून किती तास

बाबा मंगळवारी पहाटे पाचला गेले. मी लगेच टोरांटोला पुनीतदादाला फोन लावला. तिथे सोमवारची संध्याकाळ होती. तासाभरात त्याने तिकीट पाठवलं आणि खाली लिहिलं, "विद्या, बुधवारी अकरापर्यंत घरी पोचतो. थांबा माझ्यासाठी. एकदा चेहरा बघू दे."

सातला गुंडेरावकाका आले. बाबांचे धाकटे भाऊ, बोलण्यात इथलं कानडी मिसळणारे; आमच्याकडे शेवटचा शब्द त्यांचाच.

"एष्टु, किती तास लागतील गं त्याला? उद्या दुपारपर्यंत बर्फाच्या पेटीत ठेवू या. मुलगा हाय, अग्नी त्यानेच द्यायला पायजे."

तिकीट माझ्या हातातल्या मोबाइलमध्येच होतं. मी ते बंद केलं आणि दोन विमानतळांमधलं अंतर शोधून काकांपुढे धरलं. तेरा हजार किलोमीटरच्या वर. खाली लिहिलं होतं, सरळ उडालं तर सोळा तास. त्यावर मी अंगठा ठेवला.

"चाळीस तास, काका. घरी पोचेपर्यंत बुधवारची मध्यरात्र उलटेल. म्हणजे गुरुवारच धरा."

मी असं का बोलले? चार वर्षं बाबा अंथरुणाला खिळले होते. कडकोळच्या कारखान्यात पाळीला जाण्याआधी त्यांचं हगणंमुतणं, आंघोळ, भरवणं मी करत होते. पुनीतदादा रविवारी दहा मिनिटं मोबाइलवर दिसायचा, आणि बाबांचा चेहरा तेवढ्यापुरता फुलायचा. माझ्यासाठी कधी फुलला नाही. आता तो अकराला येऊन चितेभोवती फिरायचं मडकंही स्वतःच्या खांद्यावर घेणार. मला सहन झालं नाही. हेवा वाटला, दुसरं काही नाही.

काकांनी बोटांवर तास मोजले. "अष्टोत्तु आगल्ला, अम्मा. एवढा वेळ ठेवता येत नाही. हागादरे, मग तूच कर."

साडेतीनला तिरडी उचलत होते, तेव्हा दादाचा फोन आला. मधल्या विमानतळावर उतरला असणार. मी उचलला नाही. चारला चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी, स्मशानात, मी मडकं घेऊन तीन फेऱ्या मारल्या आणि अग्नी दिला.

बुधवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना टॅक्सी दारात थांबली. दादा बूट न काढताच आत आला. बाबांच्या जागी नुसता दिवा होता. तो उभाच राहिला.

काका चकित झाले. "अरे, तू तर गुरुवारी येणार होतास ना? विद्या म्हणाली, चाळीस तास लागतात."

दादाने माझ्याकडे पाहिलं. एकदा त्याने तिकीट दाखवलं असतं, तर काकांनी या घराची पायरी पुन्हा चढली नसती. दाखवावं, असंही मला वाटलं. निदान एकदाचं संपलं असतं.

"मधलं विमान लवकरचं मिळालं, काका," तो म्हणाला. "विद्याचं बरोबर होतं."

मग तो दिव्याशेजारी जमिनीवर बसला. मी पाणी नेलं. त्याने तांब्या बाजूला ठेवला आणि माझं मनगट धरलं.

"सांग. चेहरा कसा होता?"

"दाढी मीच केली होती," मी म्हणाले. "परवाच."

तो पुढचं ऐकायला थांबला. काल पहाटेपासून चितेपर्यंत मी बाबांचा चेहरा एकदाही नीट पाहिला नव्हता. सगळा वेळ मी घड्याळ बघत होते.